चित्रातलं दुकान

प्रिय हदार,

मराठीतलं पत्र बघून तू कपाळाला हात लावशील. लीड्समध्ये तुझ्याशी मराठी बोलायलाही कुणी नाही, आणि जोडाक्षरांशी तुझं भांडण अजून मिटलेलं नसणार. पण इंग्रजीत लिहायला बसले की ऑफिसातले गुळगुळीत शब्द आपोआप येतात आणि त्यांच्यामागे मला झकास लपता येतं. मराठीत मला ती सोय नाही. मुळाक्षरं तुझ्या आईनेच, सिमामावशीनेच, शिकवली आपल्याला, दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर, खडूने. म्हणून या भाषेत लिहितेय, सावकाश वाच.

युनिव्हर्सिटीसमोरची आपली दुकानांची रांग पाडणार, हे तुला सिमामावशीने फोनवर सांगितलंच असेल, आणि तेही आनंदाने. तिथे विद्यार्थ्यांसाठी सहा मजली फ्लॅट्स होणार आहेत. ते काम माझ्या कंपनीचं आहे, आणि आजूबाजूच्या लोकांना ते पटवून देणं हे माझं. खरं सांगायचं तर त्या रांगेत वाचवण्यासारखं फार उरलंही नव्हतं. लाँड्रीच्या छतातून पाणी गळतं, चिकन शॉपच्या मागे उंदीर आहेत, आणि युनिव्हर्सिटीची मुलं एकेका लिव्हिंग रूममध्ये मधे पडदे लावून तिघं-चौघं राहतात. फ्लॅट्स हवेतच, हे मी आजही म्हणेन. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

इमारतीचं मोठं चित्र तयार झालं तेव्हा खालचा मजला अगदी निर्जीव दिसत होता. काच, काच आणि एक बाई कुत्र्याला घेऊन चाललेली. मीच आर्किटेक्टला म्हटलं की इथे एखादं ओळखीचं दुकान काढा, लोकांना आपलंसं वाटेल. आणि मीच त्याला तुमच्या दुकानाचा फोटो दिला. त्याने काचेमागे शिलाई मशीन काढलं, वर ‘सिमाज ऑल्टरेशन्स’ ही पाटी काढली, अगदी त्या हिरव्या रंगात. नकाशात त्या जागी सायकली ठेवायची खोली आहे, हदार. आधीपासून तीच होती.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही ती चित्रं लोकांना दाखवायला मांडली. इतर मंडळी तक्रारी घेऊन आली, पार्किंग, कचरा, पोरांचा गोंगाट. सिमामावशी मात्र चांगली साडी नेसून, करंज्यांचा डबा घेऊन आली, कारण तिच्या लेखी तो माझा सत्कार होता. माझ्या बॉसलाही तिने करंजी खायला लावली. मग चित्रासमोर कितीतरी वेळ उभी राहिली, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि मला विचारलं, “हे माझंच ना गं?” मी म्हटलं, “छान आलंय ना चित्र?” एवढंच. खोटं बोलले नाही असं त्या दिवशी मी स्वतःला समजावलं. समजावण्यात मी हुशार आहे, त्याचाच तर पगार मिळतो.

पुढे बांधकामाला परवानगी देणाऱ्या कौन्सिलच्या कमिटीसमोर बोलायला तिने नाव दिलं. दुकान जाणारी बाई बोलणार म्हटल्यावर माझ्या बॉसचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, तिला खरं काय ते कुठूनतरी कळलं, आता ती माझी सालटी काढणार. आणि तुला सांगते, मला हायसं वाटलं. पण ती माइकसमोर उभी राहिली आणि तिच्या त्या खणखणीत इंग्रजीत माझीच गोष्ट सांगू लागली. माझी आई हीथ्रोला शिफ्टवर असायची म्हणून शाळेतून मी दुकानात यायचे, तुझ्याबरोबर जेवायचे. या कंपनीच्या इंटरव्ह्यूला गेले ती पँटही तिनेच कमरेत आवळून दिली होती. शेवटी म्हणाली, “धिस इज अवर गर्ल. शी विल नॉट डू एनीथिंग राँग.” लोक कौतुकाने हसले. कमिटीत ज्यांचा विरोध होता त्यांतल्याही दोघांनी बाजूने हात वर केले आणि मंजुरी मिळाली. बॉसने माझी पाठ थोपटली आणि मी थँक यू म्हणाले.

त्यानंतर तिला भेटायला मी दोनदा इथून, मेडनहेडच्या घरून, निघाले. एकदा बसस्टॉपवरूनच परत फिरले. दुसऱ्यांदा दुकानात गेले तर ती नव्या इमारतीतल्या दुकानासाठी पडद्याचं कापड काढून बसलेली. निळं की पिवळं, मला विचारत होती. मी निळं म्हटलं. या सगळ्यातलं सगळ्यात हलकट काम कुठलं म्हणशील तर ते हेच. कारण तेव्हा कुणी बॉस नव्हता, मीटिंग नव्हती, आम्ही दोघीच होतो.

काल तिचा फोन आला. हे सगळं पार पडू दे म्हणून तिने माझ्या नावाने आपल्या प्रेषिताला, एलियाहू हनाबीला, नवस बोलला होता. तो पावला म्हणून येत्या रविवारी घरी मलिदा करतेय. पोहे, ओलं खोबरं, फळं, सगळं साग्रसंगीत. हाउन्सलोची, इल्फर्डची आपली बेने इस्राएली माणसं येणार आहेत आणि पहिली थाळी माझ्या हातात द्यायची आहे तिला. ती थाळी मी घेऊ शकत नाही. रविवारी सकाळी, कुणी यायच्या आत, मी जाऊन तिला सांगणार आहे की त्या चित्रात तिचं दुकान मी घातलं आणि खरोखरीच्या इमारतीत ते नाही. हे पत्र एवढ्याचसाठी, की तू शनिवारीच घरी ये. तिला काही सांगू नकोस, ते माझं काम आहे. फक्त मी बोलत असताना तिच्या शेजारी बस. आणि तिने मला दार दाखवलं तर मध्ये पडू नकोस. मलिदा तरीही करायचा म्हणाली, तर फळं कापायला मदत कर आणि माझी थाळी दुसऱ्या कुणाला दे.

अजून तुझीच म्हणवून घेऊ का, ते रविवारनंतर सांग.

वरदा