पान चारचं लॉक

१२ नोव्हेंबर
लातूरची लाईन दिवसभर तुटक. संध्याकाळी साडेसहा, बाहेरगावची डाक आवृत्ती सोडायची वेळ, आणि पान चारवर लॉक. पानं इथं नांदेडच्या सर्व्हरवर असतात, पण पान चार लातूर ऑफिसातून सुनंदाताई लावतात. एकानं पान उघडलं की दुसऱ्याला नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. मला खालची जाहिरात बदलायची होती. ताईंना चार फोन केले. उचलला नाही. मागून संपादक, आमचे नाना, बोंबलत, "गाडी उभी हाय! तोड की ते लॉक!" वाटलं, लाईन गेली म्हणून लॉक तसंच लटकून राहिलंय. होतं असं. काढलं. जाहिरात बसवली, सेव्ह, छपाई. रागानं टेबलावर मूठ आपटली, नानांचा ग्लास फुटला.

१३ नोव्हेंबर
पान चारवर रेणापूर तालुक्यातली बातमी. बाईवर कुऱ्हाडीचे वार, बाई बेशुद्ध, लातूरला दवाखान्यात. आम्ही छापलं : शेजारी दत्तानं वार केले, नवरा माधवनं दवाखान्यात नेलं.
उलटं. वार नवऱ्यानं केले. दत्तानं उचलून नेलं.
बाईचे दोघं भाऊ मुखेडचे. सकाळी स्टँडवर पेपर वाचला, जीप केली, थेट लातूर. वॉर्डाबाहेर एक माणूस बसलेला, सदऱ्यावर बाईचं वाळलेलं रक्त. थोरल्यानं विचारलं, "नाव काय तुझं?"
यानं सांगितलं.
सलाईनच्या स्टँडनं मारलं. जबडा दोन ठिकाणी मोडला, डावा डोळा गेल्यातच जमा. "मी आणलं हो तिला, मीच आणलं," म्हणत होता. खोटं बोलतोय समजून तोंडावर लाथा. नर्सनं ओरडून खरं सांगितलं तेव्हा थांबले.
मग तोच पेपर घेऊन आमच्या लातूर ऑफिसात. काचा, खुर्च्या, सगळं फोडलं. मॉनिटर उचलून फेकला तो सुनंदाताईंच्या हातावर. उजवं मनगट मोडलं. पोलीस आले तोवर ऑफिसात उभं काही नव्हतं.

१४ नोव्हेंबर
नाना म्हणतात, ताईंनी नावं तपासलीच नाहीत. ताई फोनवर ओरडून सांगत होत्या, "वार्ताहरानं नावं उलटी दिली होती. त्याचाच फोन चालू होता, म्हणून तुमचा घेतला नाही. मी नावं नीट केली! सेव्ह केलं! माझ्या स्क्रीनवर बरोबर होती!"
सर्व्हरचा लॉग काढला.
६.३१ लॉक काढलं. माझ्या लॉगिनवरून.
६.३३ मी पान उघडलं.
६.३६ लातूरहून सेव्ह. नावं बरोबर.
६.३८ मी सेव्ह केलं.
ताईंकडं पान उघडंच होतं. माझ्या जुन्या प्रतीनं त्यांची दुरुस्ती गिळली. एक इशारा नाही, काही नाही.
नानांना दाखवलं. "पुसून टाक. सुनंदावर जाऊ दे, तिला दुसरीकडं लावून देऊ."
कॉलर धरून भिंतीवर आदळलं त्यांना. दोघांनी सोडवलं. ओठ फुटला त्यांचा. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
पण दुपारी पोलीस आले तेव्हा मी गप्प. नानांना मारायला हात उठला, खरं बोलायला तोंड उघडेना. लॉग पुसला नाही. एवढंच.

१६ नोव्हेंबर
एसटीनं लातूर. ताईंच्या घरी. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. डाव्या हातानं कानाखाली मारली. मग दुसरी. कान अजून वाजतोय.
"मला कशाला सांगायलास? माझा हात जुळून येईल. दत्ताच्या बायकोला सांग जा."

१७ नोव्हेंबर
दवाखाना. बाई अजून शुद्धीवर नाही. दत्ताचा जबडा तारांनी बांधलेला, डोळ्यावर पट्टी. धाकट्या भावानं सगळं स्वतःवर घेतलं, तो कोठडीत. थोरला इथंच, बहिणीपाशी. दोन्ही वेळा दत्ताच्या घरच्यांसाठी डबा आणून ठेवतो. दत्ताची बायको डबा उघडत नाही, त्याला हाकलतही नाही.
तिला म्हणालो, पेपरमधून आलोय. आमच्या ताईंनी नावं नीट केली होती, मी पुसली. चुकून.
"चुकून म्हंजी कसं?"
सर्व्हर, लॉक, काय सांगणार. म्हणालो, "दोघं एकाच पानावर लिहीत होतो. त्यांचं होईपर्यंत मी थांबायला पायजे होतं."
"किती येळ?"
"पाच मिनिटं."
तिनं नवऱ्याच्या डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाली, "थोरला खाली डबा आणायला गेलाय. आला की हे त्याला कळणार. मी न्हाई लपवणार. तुमाला जावा म्हनत न्हाई, थांबा म्हनत न्हाई."
वॉर्डाबाहेर बाकावर बसून हे लिहायलोय. दत्ता बसला होता तो बाक हाच असावा. फरशीवर ब्लिचिंगचा वास. जिन्याकडं तोंड करून बसलोय.
थोरला जिन्यानं वर यायलाय. हातात डबा. माझ्याकडं बघितलं त्यानं