सोजरबाईंचे हात

सोलापूर,
१० ऑक्टोबर १९७६

प्रिय महानंदा,

तुझी दोन पत्रं आली, माझं उत्तर गेलं नाही. आपल्या अव्वाची कंबर आता बरी आहे. मीच दमलोय. गोदामातून आलो की ओट्यावर बसतो आणि उठायचं राहून जातं.

चैत्रात आमच्या पेंडीच्या कारखान्यात ते परदेशी औषध पहिल्यांदा आलं, तेव्हा तुला कळवलं होतंच. कोंबड्यांच्या खाद्यासाठी जाणारी शेंगदाण्याची पेंड बोटीनं हॉलंडला पोचेपर्यंत खवट होते, म्हणून ते तपकिरी, तेलकट औषध तिच्यात मिसळायचं. गोदामात डबे मीच उतरवून घेतले. डब्याबरोबरचा इंग्रजी कागद मला कळेना, मी तो पुण्याला तुझ्याकडे पाठवला. शाळेतल्या मुलांना समजवावं तसं तू मराठीत उतरवून दिलंस. टनाला दीडशे ग्रॅमच्या वर घालू नये, आणि उघड्या हातानं शिवू नये. माप मी त्याप्रमाणेच ठरवून दिलं.

मिसळायचं काम सोजरबाईंकडे. अव्वा टायफॉइडनं पडली होती तेव्हा महिनाभर तुझ्या वेण्या घालून तुला शाळेत सोडणाऱ्या त्याच. कोंड्यावर औषध ओतायचं, हातानं चोळायचं आणि तो कोंडा पेंडीत कालवायचा. ज्येष्ठात एका बोटीतला माल तरीही खवट निघाला. मालक म्हणाले, "दुप्पट घाला. पुन्हा असं झालं तर सगळेच घरी बसाल." आम्ही दुप्पट घातलं. श्रावणात सोजरबाईंच्या बोटांना खाज सुटली, मग कातडी फाटून पाणी यायला लागलं. खोबरेल चोपडून त्या कामावर यायच्या. भाकरी थापता येईना, ती शेजारीण करून द्यायची.

भाद्रपदात हॉलंडच्या बंदरात आमचा माल तपासला. औषध मर्यादेबाहेर, म्हणून सगळा अडवून ठेवला. मग इथे धावपळ. औषध तोलायला नवा काटा आला, मुंबईचे साहेब पाहणीला येणार म्हणून भिंतींना चुना दिला. असे हात साहेबांना दिसायला नकोत म्हणून सोजरबाईंना कामावरून काढलं. निरोप द्यायला मलाच पाठवलं. माल का अडकला तेही मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तितल्या कोंबड्यांची एवढी काळजी घेत्यात व्हय? बरं हाय की." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच नवल वाटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांचे हात पाहून वर कळवलं. पुढच्या गुरुवारी सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येणार आहेत. औषध पुरवणारे म्हणतात, डब्याबरोबर सूचना पाठवल्या होत्या. मालक म्हणतात, असला कागद आलाच नाही. ते खोटं बोलत नाहीत, महानंदा. तो कागद मी त्यांना दाखवलाच नाही. काम थांबलं तर बाईंची मजुरी जाईल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे माझी नोकरी कायम व्हायची होती आणि मालकांना "हे चुकतंय" म्हणायची माझी छाती झाली नाही.

आज सकाळी सोजरबाईंच्या घरी जाऊन हे सांगून आलो. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "तुमी सांगितलं असतं तरी मी काम सोडलं नसतं, नागप्पा. पर हाताला फडकं तरी गुंडाळलं असतं की." चहा विचारला नाही. मीही उठलो.

गुरुवारी मी सगळं सांगणार आहे. नोकरी जाईल, अव्वाला कल्पना दिली आहे. पण मला उशिरा कळलं, असं तिथे ऐनवेळी माझ्या तोंडून निघेल, याची मला भीती वाटते. म्हणून हे पत्र. तो कागद उतरवून दिलास तेव्हाच तू विचारलं होतंस, बाईंना हातमोजे दिले का, आणि मी कार्डावर लिहिलं होतं, "दिले, काळजी नसावी." तू कागद जपून ठेवतेस, ते कार्ड तुझ्याकडे असेल. त्यावर तारीख आहे आणि माझी सही आहे. ते माझ्याकडे पाठवू नकोस, मी फाडून टाकेन. सरळ इन्स्पेक्टरांच्या पत्त्यावर पाठव. पत्ता मागे लिहिला आहे.

तुझाच भाऊ, तुझ्याशीही खोटं बोललेला,
आप्पा