आजीच्या नावाचा पाळणा

खराडी,
९ फेब्रुवारी २०१४

चि. शेफाली हिला आईचे आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. जावई बाजारात भेटले. सातवा लागला आणि पाय सुजतात म्हणाले. मीठ कमी कर. इकडे सगळं ठीक. म्हशी विकल्या.

बातमी अशी की आपलं प्रसूतिगृह महापालिकेने परत स्वतःकडे घेतलं. त्या खासगी हॉस्पिटलला करार वाढवून दिला नाही. तुम्ही बायकांनी गोळा केलेल्या सह्या कामी आल्या म्हणतात. पंखे कुरकुरतात, पण दाराशी अनामत मागायला कोणी बसत नाही. वैजनाथच्या चंपाचं पहिलं बाळंतपण त्याच दाराबाहेर रिक्षात झालं होतं ना, तिला परवा आत मुलगी झाली. तुझ्या वाटची बर्फी माझ्याकडे आहे.

आबांचं काही कळवू नका, असा तुझा निरोप मिळाला. म्हणून त्यांचं लिहीत नाही. पाळण्याचं लिहिते.

त्यांनी आपल्या आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या नावाने प्रसूतिगृहाला दिलेला पितळी पाळणा, ज्यात तूही निजलीस, तो हॉस्पिटलवाल्यांनी अडगळ म्हणून घरी पाठवला होता. सोमवारी गोठ्यात दिसेना. म्हशींबरोबर तोही विकला असं वाटून मी चिडले. तर हे स्वतः चिंचेने घासून, टेम्पोत घालून तिकडे घेऊन गेले होते.

सिस्टर म्हणाली, "आबा, आता पाळणे वापरत नाहीत. बाळ आईजवळच असतं."

"नका वापरू. पर त्यो हितलाच हाय."

"ठेवू कुठे?"

"दारात. काचेचं दार उघडं ठेवायला कामाला येईल."

खासगी हॉस्पिटल आलं तेव्हा त्याच दाराची फीत त्यांनी कापली होती. त्याच दाराशी तू चारचौघांत म्हणालीस, "माझं बाळंतपण इथे होणार नाही." आणि ते म्हणाले, "मग माहेरी येऊ नको." तो शब्द मागे घेणं त्यांना जमायचं नाही, तू ओळखतेस त्यांना. पाळणा तेवढा मागे नेऊन ठेवला.

मला म्हणाले, तिला कळवू नकोस.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं. बारशाला पाळणा तिथून मागून आणावा लागेल. मागायला कोणी जायचं, ते तुम्ही दोघं समोरासमोर बसून ठरवा. मी मध्ये पडणार नाही.

तुझी खोली झाडून बसलेली,
आई