पायरीखाली ठेवलेला दोर

मामा,

परवा रविवारी प्रार्थनाघराच्या घंटेचा दोर तुटला. टोल देणारा माणूस मागं पडता पडता वाचला आणि सगळी मंडळी हसली. नवे पाळक तरुण आहेत. ते म्हणाले, परभणीच्या बाजारात नायलॉनचा चांगला दोर मिळतो, एकदा बांधला की पुन्हा बघायला नको. मग त्यांनी विचारलं, "आजी, हा दोर कुणी वळला होता?" मी सांगितलं, माझ्या बापानं. सांगायला किती सोपं होतं ते. तुटलेला तुकडा मी घरी आणलाय, तो मांडीवर घेऊन हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची पणतवंडं शाळेत जायला लागली. माझा राग मात्र अजून जागेवर आहे, आणि तो कुणाला सांगावा तर ऐकणारं माणूस एक तुम्हीच होता.

माझे सासरे व्हायला तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस आधी लिहिते, कारण तोच दिवस तुम्ही पुढं खोटा पाडलात. निजामाचं राज्य होतं. झरीच्या वाटेवरच्या आपल्या गावात तुम्ही मिशनचे उपदेशक, सगळे तुम्हाला मास्तर म्हणायचे. तुमचा जन्म महारवाड्यातला, आमची घरं ओढ्यापलीकडं मांगवाड्यात. गावातल्या सगळ्या विहिरींच्या मोटांचे नाडे, ते जाड दोर, माझा बाप वळायचा, पण त्याच विहिरीवर त्याला पाणी हवं असलं तर कुणीतरी वरून ओंजळीत ओतेपर्यंत उभं राहावं लागायचं. महारवाड्यातही आमच्या हातचं पाणी चालत नसे. तुमचा उपदेश ऐकून आम्ही ख्रिस्ती झालो होतो तरी नाहीच. तुम्ही मात्र आमच्या फाटक्या घोंगडीवर ऐसपैस बसलात आणि म्हणालात, "व्याही, लय तहान लागलीय." मांगवाडा सगळा दारात गोळा झाला होता. आईनं गाडगं पुढं केलं. तुम्ही ते तोंडाला लावलंत, सगळं पाणी प्यालात आणि मिशा पुसून म्हणालात, "ख्रिस्तात जात न्हाई. तुमची पोरगी माझ्या पोराला द्या." पाणी आधी आणि मागणी नंतर, हे माझा बाप येईल त्याला सांगत बसायचा. व्याही हा शब्द त्याला तुमच्या लोकांतल्या कुणी कधी लावलाच नव्हता.

सासू आधीच गेल्या होत्या. तुमचा मुलगा रेल्वेच्या कामावर, घरी कधीमधी. घरात तुम्ही, नणंदबाई आणि मी. मी चुलीपुढं बसायची आणि तुम्ही चुलीच्या दारात पाट टाकून. भाकरी थापता थापता तुम्ही मला अक्षरं शिकवलीत, पिठाच्या परातीत बोटानं काढून. एक अक्षर ओळखलं की ते मळून टाकायचं आणि त्याचीच भाकरी करायची. "पाटलाचं पोरगं झरीच्या शाळेत उर्दूचं अलिफ बे करायलंय, आन् आमची सून क ख खायलीय," असं म्हणून तुम्ही खो खो हसायचात. अंबाडीची भाजी तुम्हाला फार आवडायची, वरून लसूण घालून तापवलेलं करडीचं तेल. ज्या अंबाडीचा पाला आपण खातो तिच्याच सालीचा दोर होतो, म्हणजे व्याह्यांचं आणि आपलं एकाच झाडावर चाललंय, असंही म्हणायचात. मला माझ्या बापाविषयी इतकं चांगलं कधीच कुणी बोललेलं नव्हतं, म्हणून मी ते ऐकण्यासाठी मुद्दाम अंबाडी करायची.

आणि ते मीठ. शेजारीण मीठ मागायला आली आणि मी संपलं म्हणून सांगितलं, कारण ती घेतलेलं कधी परत देत नसे. तुम्ही आत होता, ऐकलंत. ओरडला नाहीत. माझ्या ओंजळीत मीठ घातलंत आणि म्हणालात, "जा, देऊन ये. आन् सांग, होतं म्हनून." मी म्हटलं, नुसतं देऊन येते, सांगायला लाज वाटती. तुम्ही म्हणालात, "सांगायचंच तर हाय. मीठ काय, कुनीबी देतंय." भर दुपारी ओंजळ धरून मी गेले आणि सांगून आले. त्या बाईनं ते गावभर केलं. पण त्या दिवसापासून मी खोटं बोलायची सोडली ती सोडलीच, आणि माझा सासरा म्हणजे काय चीज आहे याचा मला गर्व झाला.

रविवारी तुम्ही गोष्टी सांगायचात त्यात एक गोष्ट लेकरं हट्टानं मागून घ्यायची. प्रभूला धरून नेतात आणि त्याचा शिष्य अंगणात शेकत बसलेला असतो. लोक विचारतात, तू त्याच्यातलाच का? तो म्हणतो, मी ओळखत नाही. मग कोंबडा आरवतो, कारण प्रभूनं आधीच सांगितलेलं असतं, कोंबडा आरवायच्या आत तू मला नाकारशील. तुम्ही मान उंच करून असं काही आरवायचात की ओढ्यापलीकडचे खरे कोंबडे उत्तर द्यायचे. लेकरं हसून लोळायची. माझा बापही मागं बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. प्रार्थना झाली की तुम्ही त्याला हाताला धरून घरी आणायचात. "सलाम, मास्तर!" तो पायरीवरून म्हणायचा, आपली मंडळी एकमेकांना म्हणते तसं. "या व्याही, वर या," तुम्ही म्हणायचात. गावासमोर ताठ मानेनं सलाम म्हणून ओट्यावर चढायची सवय तुम्हीच त्याला लावलीत.

मग नणंदबाईंना बघायला पालमकडचे पाहुणे आले. तेही ख्रिस्तीच, तेही प्रार्थना करणारे, पण मूळचे तुमच्या लोकांतले आणि जरा बरं चाललेले. मी आत भाकरी करत होते, नणंदबाई पदर घेऊन माझ्याजवळ बसल्या होत्या. दार उघडं होतं, ओट्यावरचं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. थोरल्या पाहुण्यानं इकडतिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "सून कुठली केली, मास्तर?"

तुम्ही म्हणालात, "आमच्याच सोयऱ्यातली. आईबाप बारकेपनीच गेले बिचारीचे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी नणंदबाईंकडं बघितलं, त्यांनी मान खाली घातली. आणि तेवढ्यात माझा गेलेला बाप हातात दोर घेऊन अंगणात आला. मामा, हे मी रचून सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. घंटेचा जुना दोर झिजत आला होता. व्याह्यांच्या लेकीच्या लग्नात घंटा नीट वाजावी म्हणून त्यानं स्वतःहून नवा वळला होता. धुतलेला पटका बांधला होता. एक पाय पायरीवर ठेवून तो मोठ्यानं म्हणाला, "सलाम, मास्तर!"

तुम्ही उठलात. ओट्याच्या कडेला आलात. "दोर आनलास का? ठेव तितंच खाली. सांच्याला बघू."

त्यानं तुमच्याकडं बघितलं. मग पाहुण्यांकडं. मग दाराकडं, म्हणजे माझ्याकडं. माझा बाप अडाणी होता, पण असल्या बाबतीत त्याला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. त्यानं पायरीवरचा पाय खाली घेतला, दोर ठेवला, वाकून जमिनीला हात लावला आणि म्हणाला, "जी मालक."

पाहुण्यानं विचारलं, "कोन हाय ह्यो?"

"मांगवाड्यातला हाय. दोर वळतो. मानूस इमानी हाय," तुम्ही म्हणालात.

"मंग आमालाबी एक नाडा वळून दे की रं."

"देतो जी," माझा बाप म्हणाला.

माझी तव्यावरची भाकरी जळून काळी झाली. मी उठले तर नणंदबाईंनी मनगट धरलं. त्या रडत नव्हत्या, नुसतं धरून बसल्या होत्या. त्यांचं लग्न माझ्या एका शब्दावर आलं होतं. म्हणून मी बसून राहिले. हे मी माझी चूक म्हणून लिहीत नाही. ओटा तुमचा होता, शब्द तुमचा होता, वयानं मोठे तुम्ही होता. मी परातीतलं पीठ बघत होते आणि मला आठवत होतं, सांगायचंच तर हाय.

लग्न ठरलं. संध्याकाळी तुम्ही स्वतः शिडी लावून तो दोर घंटेला बांधलात. मग येऊन पाटावर बसलात. मी वाढलं. तुम्ही घास हातात घेऊन म्हणालात, "पोरी, लग्न मोडलं असतं गं." मी जळका तवा घासायला घेतला. तुम्ही वाट बघितलीत. मग जेवलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मांगवाड्यात जाऊन आलात. काय झालं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी माहेरी गेले तेव्हा बापाला विचारलं. तो अंबाडीचं सूत काढत बसला होता, पालमचा नाडा वळायला घेतला होता.

"मास्तर आल्ता. लय रडला," तो म्हणाला. "म्या पानी दिलं. प्याला."

"मग तू काय म्हनलास, बा?"

"म्या काय म्हनू? रडनाऱ्या मानसाला काय म्हनतेत?"

मामा, तुम्ही रडलात कुठं? मांगवाड्यात, जिथं पालमचं कुणी नव्हतं. पहिल्यांदा पाणी प्यालात ते चारचौघांत, म्हणून त्या पाण्याला मोल होतं. हे दुसरं पाणी तुम्ही गुपचूप प्यालात. नाकारलंत ओट्यावर आणि कबूल केलंत झोपडीत. माझ्या बापानं तो नाडा इमानानं वळून पालमला पोचता केला, लग्नाला मात्र तो आला नाही, आणि त्याला कुणी या म्हणालंही नाही. नंतर तुम्ही कितीदा हाका मारल्यात, "व्याही, वर या." तो अंगणात उभा राहून म्हणायचा, "हितंच बरं हाय जी." त्याच्या तोंडून सलाम मी पुन्हा ऐकला नाही.

तुम्ही भित्रे असता तर मी सोडून दिलं असतं. पण रझाकारांच्या साली तुम्ही काय केलंत ते सगळं गाव सांगतं, आणि ते खरं आहे. गावातली माणसं लेकराबाळांसह प्रार्थनाघरात येऊन बसली होती, पाटलाच्या घरच्या बायासुद्धा. बंदूकवाले आले, आत कोण आहे म्हणाले. कुणीही म्हणालं असतं, कुणी नाही. तुम्ही दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "मानसं हायेत. आन् तुमाला आत जायला मिळायचं न्हाई." ते का परत गेले देवाला ठाऊक. मी आतून बघत होते. सगळे देवाचे आभार मानत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं, बंदुकीपुढं खरं बोलता येतं या माणसाला. पालमच्या दोन पाहुण्यांपुढं आलं नाही. म्हणजे बंदुकीहून जास्त भीती तुम्हाला माझ्या बापाची वाटली, तो तुमचा कुणी लागतो हे कळण्याची. तेव्हापासून माझा राग दुप्पट झाला. गाव तुम्हाला संत म्हणायला लागलं आणि मला कुठं बोलायची सोय उरली नाही.

एक मात्र मी बघितलं. त्या दिवसानंतर तुम्ही कोंबड्याची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाहीत. लेकरं मागायची, तुम्ही म्हणायचात, दुसरी सांगतो. तुम्हाला वाटलं असेल, कुणाच्या ध्यानात येत नाही. मी दर रविवारी वाट बघायची. एकदा सांगा, मामा, आरवा, आणि मग सगळ्या मंडळीपुढं म्हणा की तो शिष्य मीच. तेवढंच हवं होतं मला. शेवटच्या आजारात मी तुमच्या उशाशी बसून शास्त्र वाचायची, तुम्हीच शिकवलेल्या अक्षरांनी. कोंबड्याचं ते पान आलं तेव्हा मी थांबून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "फुडचं वाच."

माझ्या तीन सुना तीन वाड्यांतल्या आहेत. प्रत्येकीच्या बापाला मी आधी ओट्यावर बसवलं, गावादेखत, मग बाकीचं बोलणं. लोक म्हणतात, सासऱ्याचं वळण. तेच तर सहन होत नाही. तुम्हाला बोल लावायला जाते तर तोंडात शब्द येतात तेही तुमचेच. खोटं बोलू नये, माणसाला नाकारू नये, सगळ्यांचा बाप एक, हे सगळं तुम्ही पिठात काढून दाखवलेलं. दुसरं काही शिकवलं असतंत तर मी तुम्हाला केव्हाच माफ करून मोकळी झाले असते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून रडला असता आणि मीही तुम्हाला पाणी दिलं असतं. बापानं दिलं तेवढं पुरे झालं.

एक सांगायचं राहिलं. प्रार्थनेत देवासाठी बाप हा शब्द आला की डोळ्यांपुढं चेहरा येतो, आणि तो तुमचा असतो. मी इतकी वर्षं तिथं माझा बाप आणून बघितला. तो येतो, धुतलेला पटका बांधून येतो, पायरीपर्यंत येतो आणि थांबतो. वर तुम्हीच बसलेले असता. मी तशीच पुढची प्रार्थना म्हणते.