जेवलेला टाक

९ सप्टेंबर, मंगळवार

फोनवर क्रांतीबायने स्वतंत्र खोली देते म्हणून सांगितलं होतं, आणि इथं येऊन बघते तर खोली कसली, नारळ ठेवायची कोठी! कोपऱ्यात सोललेल्या सोडणांचा ढीग, खाटेखाली मुंग्या. वर तोंड करून म्हणते, मावशी, पंखा हाय ना. पंखा हाय, पण त्याचं बटन तिच्या खोलीत. मी म्हटलं, मग मला उकडलं की तुला उठवू काय गं? तर हसली. हसणाऱ्या बाईशी भांडायचं कसं?

बाकी नागाव झकास. मागे वाडी, वाडीमागे समुद्र. गावी तळ्याला एकटीनं घराच्या भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा हे बरं. शनिवार-रविवार क्रांतीबायकडं मुंबईचे पाहुणे पैसे देऊन राहायला येतात, त्यांना मी रांधून घालायचं. आज बांगड्याचं कालवण केलं. मी चाखून बघत न्हाय, चिमटीला मीठ कळतं. क्रांतीबायने दोनदा भात घेतला आणि वर म्हणते तिखट झालंय.

ही वही प्राप्तीनं दिली. माझी लेक मुंबईला नोकरी करते. म्हणाली, आई, फोनवर कुरकुरतेस ती हिच्यात कुरकुर. चौथी शिकलेल्या बाईला कामं सांगते.

नाव कुणी विचारलं न्हाय. मावशीच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

क्रांतीबायचा सासरा अंबाजी ओटीवर बसून दिवसभर टिकटिक करतो. जुनी नाणी घेतो, कुरुंदाच्या दगडावर घासून एक बाजू गुळगुळीत करतो, गरम राळेत बसवतो आणि बारीक छिन्नीनं कोरतो. ढब्बू पैशावर होडी, नारळ, पाहुण्यांची नावं. पोरंपोरी बदाम काढून घेतात, आठवण म्हणून. मी म्हटलं, लग्न मोडलं तर पैसा परत घासून देता काय? म्हातारा कानानं अर्धा. पाणी मागते समजून त्यानं तांब्या पुढं केला.

खरं काम त्याचं टाकांचं. मेलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, नैवेद्य दाखवतात, ते हा राणीछाप रुपयावर करतो. राणी घासून टाकायची आणि तिथं आपला माणूस. डोळे सगळ्यात शेवटी. एकेक चेहरा असा, की आता खोकेल.

१५ सप्टेंबर, सोमवार

मालकांना जाऊन दोन वर्षं झाली. टाक केला न्हाय. दीर आज-उद्या करतात. सासूनं दिलेला रुपया माझ्या पिशवीत होताच, तो आज अंबाजीला दिला. मोबाईलमधला आमचा जत्रेतला जोडीचा फोटो दाखवला.

त्यानं विचारलं, नाव काय कोरू? आता मी मालकांचं नाव घेऊ? लग्नात घेतलं उखाण्यात, तेवढंच. त्यानंतर न्हाय. राशनच्या दुकानात न्हाय घेतलं, त्यांच्या मयताला न्हाय घेतलं. मी म्हटलं, आवडाबाईचे मालक. त्यानं कानामागं हात धरला. मी ओरडून परत सांगितलं. मान डोलावली.

अमावास्येला इथंच पहिला नैवेद्य दाखवायचा, मग दिवाळीला तळ्याला न्यायचा. तोवर टाक तांबड्या फडक्यात. जेवायच्या आधी त्याचं तोंड बघायचं न्हाय म्हणतात.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

खीर, वडे, अळूची भाजी. फडक्यासकट देव्हाऱ्यात ठेवला, पान वाढलं, हात जोडले. म्हटलं जेवा पोटभर.

नंतर मी बसले. भूक मेली होती. खीर गोड लागली न्हाय. पाहुणे तर बोटं चाटत होते. तापाची कडकी असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज देव घासायला घेतले. फडकं सोडलं, टाकाला चिंच लावली, आणि नाकात नथ दिसली. कपाळाला कुंकू. खाली नाव आवडाबाई.

मी आहे ती. फोटोतली डावीकडची.

म्हाताऱ्यावर गेले तावातावानं. आधी त्याला कळेचना. तो समजला होता की आवडाबाई मेलेली, माझी बहीण-बिहीण असेल. या घरात माझं नाव कुणाला ठाऊक? मग कळलं, तसा हातातली छिन्नी खाली ठेवली. म्हणाला, जेवलेला टाक पुसता येत न्हाय. त्याच्यावरच खऱ्या मेलेल्याचं नाव कोरायचं, आणि ते रुपया देणारीनं स्वतः तोंडानं सांगायचं. न्हायतर तिच्या घरच्यानं.

मी म्हटलं, मी न्हाय सांगणार. जन्मभर पाळलं ते एका रुपयासाठी मोडू? टाक करायचा तुम्हाला, कान माझे वापरायचे काय?

२८ सप्टेंबर, रविवार

तव्यावर हात टेकला. वास आला तेव्हा कळलं. दुखलं न्हाय.

मीठ चिमटीत कळत न्हाय. क्रांतीबाय पाहुण्यांना म्हणत होती, हल्ली जेवण कोण करतं कोण जाणे, नुसतं खारट. मी तिच्या मागं उभी होते.

देव्हाऱ्यात रोज पान दाखवते. मी दाखवते, मी जेवते तिकडं. इकडं पोट गप्प.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं. आपट्याची पानं सगळ्यांना, माळ्याला, पाववाल्याला. मी हात पुढं करून उभी राहिले. क्रांतीबाय बाजूनं गेली.

राग यायला पाहिजे होता. आला न्हाय.

५ ऑक्टोबर, रविवार

घेते नाव. हरले. अंबाजीसमोर जाऊन बसले, तोंड उघडलं — आठवेना. मालकांचं नाव. उखाण्यातली चांदीची वाटी आठवते, वाटीत काय होतं ते आठवतं, आणि मग जिथं नाव तिथं — गुळगुळीत. घासलेल्या रुपयासारखं.

आधार कार्ड तळ्याला पेटीत. आणायला गेले असते. एसटी थांबली न्हाय. मी हात केला होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

प्राप्तीला विचारावं. मोबाईल माझं बोट ओळखत न्हाय. घासते, दाबते — काच तशीच. तिचाच फोन आला. वाजत राहिला. उचलता येईना. मग बंद.

रडले असेन. गाल चाचपले, कळलं न्हाय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्राप्तीनं क्रांतीबायला फोन केला. मी ऐकलं. ही म्हणाली, तुझी आई न सांगता गेली कुठं तरी, पिशवी इथंच हाय, येऊन ने. पोरगी रविवारी रेवसच्या बोटीनं येते.

आणि म्हातारा म्हणाला, बरं झालं, एक टाक चुकलाय, पोरीला नाव विचारतो आणि तिच्यासमोरच कोरतो. एक जादा रुपया घासूनही ठेवलाय. राळ लावून. बघितला मी. कोरा.

त्याला कान न्हायत. तो विचारणार, नाव सांग बाय. आणि माझी पोर शाळेत सांगायची तसं पूर्ण सांगणार. आधी स्वतःचं. मग बापाचं. म्हातारा पहिलंच ऐकतो, माझ्यावेळी पहिलंच ऐकलं —

क्रांतीबाय, वही तुझ्या ओट्यावर ठेवते, चहाच्या डब्याखाली. पेन दाबलं जातंय की न्हाय मला कळत न्हाय. दिसत असेल तर वाच. मी राहिले तर राहिले तशी. पोरीला ओटीवर बसवू नको. विचारायचं तर तू विचार, म्हाताऱ्यानं न्हाय. फक्त बापाचं नाव विचार. पहिलं कोरायचं न्हाय. पहिलं माझ्या पोरीचं हाय, ती जिवंत हाय.

कळलं काय? उद्या शनिवार संध्याकाळच्या आत मला उत्तर पाहिजे. बोलू नको, मला ऐकू येतं का ठाऊक न्हाय. इथं खाली एक रेघ मार. मी येऊन बघते. शनिवारी दिवेलागणीला. रेघ नसेल तर —

मधलं नाव. मधलं कोरा. मध