अण्णांची पक्कड

प्रिय मच्छिंद्र,

अण्णांची पक्कड कधी पाठवतेस म्हणून तू रोज फोन करतोस आणि मी रोज नवी थाप मारते. कधी कुरिअरवाला आला नाही, कधी आमच्या भिंगारात पाण्याच्या टँकरपायी दिवस गेला. आज खरं लिहिते. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस.

राखीला आलास तेव्हा ती माझ्याकडे विसरलास. मी सहज कामावर तपासायला नेली. ‘पकडींना पोहायला शिकवणारी बाई’ म्हणून तू मला चिडवतोस, पण आमचं काम तेच. मुठी पाण्यात बुडवायच्या, वरच्या लोखंडाला दहा हजार व्होल्ट द्यायचे आणि मीटरच्या काट्याकडे बघायचं. मुठीचं आवरण धड असेल तर काटा जागचा फारसा हलत नाही.

आपल्या अण्णांनी लाईनमनची सगळी नोकरी त्या पकडीवर काढली, कधी झटका बसला नाही, हे तू राहुरीभर सांगत फिरतोस. राखीच्या दिवशीही म्हणालास, “ताई, तुझ्या मशिनला काय कळतंय? अण्णांचा हात हाय तिच्यावर.” अण्णा गेल्यापासून मलाही तसंच वाटायचं. तू गुंडाळलेली सायकलची ट्यूब काढली, तर आतली मूठ चांगली दिसली. पण व्होल्ट चढले आणि टक्कन आवाज होऊन मशीन बंद पडलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. नीट पाहिलं तर सुईच्या टोकाएवढं भोक, बरोबर तुझी करंगळी टेकते तिथे.

तेव्हापासून लाईट गेली की तारांत वीज नाही म्हणून मला बरं वाटतं आणि आली की जीव टांगणीला लागतो. त्यात काल तुझ्या बायकोचा, निकिताचा फोन आला. सध्या तू कुणाची तरी उघड्या मुठीची पक्कड घेऊन खांबावर चढतोस म्हणे. म्हणजे माझ्या थापांनी भलतंच होऊन बसलं.

नापास पक्कड पुन्हा कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून आम्ही तिच्या मुठी चिरून टाकतो. अण्णांच्या पकडीपुढे सुरी घेऊन मी बराच वेळ बसले. तशीच परत दिली असती, तर तू वर आणखी एक ट्यूब गुंडाळली असतीस. मी तुला ओळखते. म्हणून आज चिरली. सोबत नवी पाठवते आहे, मी स्वतः तपासलेली. लाईन बंद केली असली तरी हीच वापर. तू रुसशील, ठाऊक आहे. हवं तर भाऊबीजेला नको येऊस. रुसलेला भाऊ मला चालेल.

तुझीच,
सुकन्याताई