मर्लचा मोजा

२ डिसेंबर

मर्लने आज पुन्हा फांद्या आणल्या. ट्रक भरून! कालच्याच अजून ओसरीवर पडल्यात. कडाक्याची थंडी पडून गेली की मग फरच्या झाडाची टोकं खुडायची, म्हणजे गोल बांधून दारावर टांगलेली हिरवी चक्रं नाताळभर गळत नाहीत, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एका बाईला लागून लागून लागतात किती? विचारलं तर म्हणाला, "असू देत. तुला लागतील."

मग लाकडांच्या शेडमागे माझा मुका घेतला. माझ्या सदुसष्टाव्या वर्षी! माझ्या हाताला फरचा चीक होता, तो त्याच्या दाढीला लागला. लोणी चोळून काढावा लागला.

३ डिसेंबर

दिवसभर गुणगुणत होते. कोंबड्या माना वाकड्या करून बघत राहिल्या.

५ डिसेंबर

पोर्टलंडहून कॉलीनचा फोन. "आई, मर्लकाकांचा ट्रक सारखा आपल्या अंगणात का असतो?"

इतक्या मैलांवरून माझ्या लेकीला ट्रक दिसतो! शाळामास्तरीण झाल्यापासून तिला पाठीमागेही डोळे फुटलेत. मी म्हटलं, "फांद्या आणून देतो. यंदा चक्रं पुष्कळ करायची म्हणते."

"का?"

"हौस."

फोन ठेवला आणि लक्षात आलं — आता खरंच करायला हवीत. ती आणि जावई तेवीसला येणार. दारं-खिडक्या उघड्याबोडक्या दिसल्या तर फांद्यांचं कारण गेलंच. जेवणही न करता बांधायला बसले. संध्याकाळपर्यंत ओसरीचं दार उघडेना.

७ डिसेंबर

ठरलं. मर्लचा मोजा विणणार.

लिहिलं खरं, आणि लगेच खोडावंसं वाटलं. आमच्याकडे मोजा म्हणजे साधी गोष्ट नाही. फायरप्लेसवरच्या फळीला खिळे आहेत, खिळ्याखिळ्याला एकेकाच्या नावाचा लाल मोजा, नाताळच्या भेटी भरायला, सगळे माझ्या हातचे. नाव फळीवर लागलं की माणूस घरचा. जावईबापूंना, रसला, लग्नानंतर पाच नाताळ थांबवलं मी. बिचारा आपल्या भेटी कागदी पिशवीतून घ्यायचा आणि पिशवीची स्तुती करायचा.

नवऱ्याला, हार्लनला, जाऊन सहा वर्षं झाली तरी त्याचा मोजा लागतो. कॉलीन त्याच्या चवड्यात संत्रं घालते. बाबा तिच्या मोज्यात घालायचा तसं. ते संत्रं कोणी खात नाही. आणि त्याच फळीवर मी मर्लचं नाव लावायचं म्हणते. मर्ल, जो हार्लनच्याच बोटीवर शेवंडी पकडत म्हातारा झाला!

नाही लावलं तर? तर मर्ल जन्मभर फांद्या आणून देणारा माणूस राहील. मागच्या दाराने येईल, मागच्या दाराने जाईल. मला ते नको आहे.

१० डिसेंबर

गाढवपणा! मोजा वरून खाली विणत जायचा असतो, म्हणून नाव डोक्यावर उभं विणायचं, तेव्हा टांगल्यावर सुलट दिसतं. आयुष्यभर विणले, आणि आज मर्लचं नाव आपलं सरळ विणत बसले. उचलून धरलं तर मर्ल पाय वर करून उभा.

नेमकी तेव्हाच आर्लीन आत आली. शेजारीण आहे, शाळेपासूनची मैत्रीण आहे, म्हणून दार वाजवायचं माहीत नाही. तिने मान वाकडी करून वाचलं.

"हा कोण गं, शीर्षासन करतोय?"

"कोणी नाही."

"कोणी नाहीचं नाव मर्ल आहे वाटतं."

मी मोज्याइतकी लाल. ती कॉफी ओतून घेऊन आरामात बसली. "अख्ख्या चर्चला माहीत आहे, व्हर्ना. तुमच्या मागे बसून प्रार्थनेत लक्ष लागत नाही कोणाचं. कॉलीनला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगणार कशी? विणून?"

हो, विणूनच. तोंडाने सांगायला गेले की माझ्या तोंडून फांद्याच निघतात.

१३ डिसेंबर

चक्रं लागली ती ठिकाणं — पुढचं दार, मागचं दार, झाडून सगळ्या खिडक्या, टपालपेटी, पाण्याचा पंप, जुना संडास, मर्लच्या ट्रकचं नाक, कोंबड्यांचं खुराडं. कोंबडा आत जायला तयार नव्हता, त्याला ढकलला. पाद्रीणबाईंना दोन दिली. दातांच्या डॉक्टरकडे एक नेलं, तर म्हणाला, "तुमचा दात नाही दुखत ना?"

अंगठा सुजलाय. आणि मर्ल आज आणखी एक ट्रक घेऊन आला! त्याचा तो उजळलेला चेहरा बघून 'पुरे' म्हणायचं धैर्य झालं नाही.

१६ डिसेंबर

मर्ल काहीतरी लपवतोय. त्याच्या शेडमधून करवतीचा आवाज येतो. मी गेले तर दारात आडवा उभा, भुवयांत भुसा.

"आत पसारा आहे."

"मी पसारा पाहिलेला नाही का कधी?"

"हा नाही पाहिलास."

लाजला! बहात्तर वर्षांचा बाप्या! मी घरी येईपर्यंत रस्त्यात एकटीच हसत होते. आर्लीनने खिडकीतून हात केला. आता गावाला आणखी एक विषय.

१९ डिसेंबर

झाड घरात आलं. मर्लनेच तोडून आणलं, अर्थातच. आम्ही दोघांनी लाह्यांच्या आणि क्रॅनबेरीच्या माळा ओवल्या. त्याच्या जाडजूड बोटांत सुई बघवत नाही. एक लाही दोऱ्यात, तीन तोंडात. माळ पुरेना म्हणून मी ओरडले तर म्हणाला, "झाडाला भूक नाही, मला आहे."

रेडिओवर एक जुनी चाल लागली. स्वयंपाकघरात नाचलो आम्ही, पायांत लोकरीचे जाड मोजे, फरशी गुळगुळीत. घसरून मी ओट्याला धरलं आणि त्याने मला. गुळाच्या काकवीची बिस्किटं भट्टीत करपली. करपू देत!

मोजा पुरा झाला आहे. नाव सुलट. माझ्या उशीखाली आहे.

२१ डिसेंबर

आनंद एवढा झालाय की भीती वाटते. कॉलीन चिडली तर? ती ओरडत नाही, गप्प होते. ओरडलेलं परवडतं.

२३ डिसेंबर

आली. गाडीतून उतरली आणि हातात बॅग तशीच धरून अंगणात उभी राहिली. दार बघितलं, खिडक्या, पंप. शेवटी खुराडं.

"आई. कोंबड्यांना पण?"

"त्यांनाही नाताळ असतो."

रसला अचानक खोकला आला. चांगला मुलगा आहे. कॉलीन हसली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "फांद्या पुष्कळ दिसतायत." मी म्हटलं, "यंदा पीक चांगलं आहे." 

२४ डिसेंबर

सकाळीच नवा खिळा ठोकला आणि लावला मोजा. हातोडी अंगठ्यावर बसली, सुजलेल्याच. आवाजाने कॉलीन आली. फळीकडे बघत उभी राहिली.

"हा इथे?"

"हो."

"बाबांच्या शेजारी."

"जागा तिथेच होती."

"मला फांद्या सांगितल्यास तू. महिनाभर."

"भीती वाटली गं."

"मर्लकाकांनी बाबांच्या शवपेटीला खांदा दिला होता, आई."

"दिला होता. मी तिथेच होते."

तिने बाबांचा मोजा सरळ केला. मग अगदी हळू म्हणाली, "हा मोजा इथे असेल तर उद्या सकाळी मी खाली येणार नाही."

ती वर गेल्यावर मी मोजा काढला. एप्रनच्या खिशात कोंबला आणि शेवंडीचं दुधातलं कालवण ढवळत बसले. दूध उतू गेलं. रस आला, भांडं उतरवलं, पुसून घेतलं आणि म्हणाला, "माझ्या वेळी पाच वर्षं लागली होती तुम्हाला."

"तू पंचविशीतला होतास."

"हो. मला घाई नव्हती."

मर्ल बहात्तरचा आहे. हा हिशोब मी महिनाभरात एकदाही केला नव्हता! कालवण तसंच ठेवलं, बाहेरच्या खोलीत गेले आणि मोजा पुन्हा खिळ्याला लावला. कॉलीन माझी एकुलती एक. उद्या ती खाली आली नाही तर मला काही गोड लागणार नाही. पण लावला.

२५ डिसेंबर

लिहायला बसलेय पण हसू आवरत नाही.

सकाळी कॉलीनचं दार बंद. रस जिन्यात बसलेला, ना वर ना खाली. इतक्यात मर्ल आला, पाठीवर काहीतरी लाकडी, पोत्यात गुंडाळलेलं. बूट झटकले, वर पाहिलं आणि त्याला फळीवरचं आपलं नाव दिसलं. माणूस तिथेच थिजला. टोपी काढली. चर्चमध्ये काढतात तशी.

"व्हर्ना, हे — कॉलीनला माहीत आहे?"

"माहीत आहे. म्हणून वर आहे."

त्याने एकदा जिन्याकडे बघितलं. "मग मी जातो. लेकीला खाली येऊ दे आधी."

"बूट काढ आणि बस," मी म्हटलं. वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

तो बावरला, मागे सरला, पाठीवरचं लाकूड दाराच्या वरच्या चौकटीला लागलं आणि दारावरची, दाराच्या दोन्ही बाजूंची, वर हौसेने टांगलेली, सगळी चक्रं धडाधड खाली! मोठं त्याच्या डोक्यावरून सरळ गळ्यात उतरलं. एक खांद्यावर. तो तसाच उभा, शर्यत जिंकलेल्या घोड्यासारखा, टोपी हातात. आवाज ऐकून कॉलीन धावत खाली आली. तिला वाटलं मी पडले.

तिने मर्लकडे पाहिलं. ओठ दाबले. नाही जमलं. पायरीवर बसून पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू ओसरलं, पाणी तेवढं राहिलं. मर्ल गळ्यातल्या चक्रासकट तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "मलाही त्याची आठवण येते गं पोरी. रोज येते." तिने त्याच्या दाढीतलं फरचं सुईसारखं पान काढलं. म्हणाली, "मर्लकाका, तुमचा मोजा उघडा. आईने काय भरलंय बघू."

पोत्यातलं काय होतं? चक्रं बांधायचं बाक! बसायला जागा, पायाने दाबायचा चिमटा, फांद्यांना खण. सुंदर काम. महिनाभर खपत होता.

"तुला इतकी आवड म्हणून," तो म्हणाला. "तू थांबायलाच तयार नव्हतीस."

"तू आणत होतास म्हणून मी थांबले नाही!"

"तू बांधत होतीस म्हणून मी आणत होतो."

रस आधी हसला, मग सगळे. जेवायला तीन वाजले, कोणाला भान नव्हतं. मी इतकी सुखी आहे की मला लाज वाटते.

२७ डिसेंबर

कॉलीन गेली. निघताना फळीसमोर उभी राहिली आणि विचारलं, "आई, बाबांचा मोजा आमच्याकडे लावू? आता तुला चालेल ना?" मी हसत म्हटलं, "ने की." तिने तो काढला, छातीशी धरला, गाडीत बसली. मला मिठी मारताना म्हणाली, "मर्लकाकांना सांभाळ."

गाडी वळणाआड गेली आणि मी अंगणात मटकन खाली बसले. हार्लन गेला तेव्हा अशी रडले नव्हते. सहा वर्षं मी म्हणत होते, मुलीला बाबा सुटत नाही; सुटत मला नव्हता.

मर्लचा फोन दोनदा आला. उचलला नाही. उद्या उचलीन. आज हार्लन गेलाय.